बंद कारखान्याच्या जमिनीची शुद्धी : भोपाळचा धडा

भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. ती रात्र देश विसरलेला नाही. मात्र त्याच कारखान्याच्या जमिनीची कहाणी तितकीशी परिचित नाही. वायू वाऱ्याबरोबर विरून गेला. जमिनीत मुरलेले विष तेथेच राहिले. दूषित जागा शुद्ध करणे म्हणजे नेमके काय करणे, हे या कहाणीवरून चांगले समजते.

विष मुरले कसे?

कारखाना १९६९ साली सुरू झाला. तेथील टाकाऊ रसायने वर्षानुवर्षे आवारातील खड्ड्यांत टाकली जात. १९७७ पासून रसायनमिश्रित सांडपाणी उन्हाने आटविण्यासाठी कारखान्याबाहेर उत्तरेस बांधलेल्या तलावांत सोडले जाऊ लागले. पुढे झालेल्या तपासण्यांत येथील मातीत कीटकनाशकांचे अंश, क्लोरीनयुक्त रसायने आणि पाऱ्यासारखे जड धातू आढळले. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना अशी द्रव्ये आपल्याबरोबर खाली नेते आणि भूजल वाहील त्या दिशेने ती पसरतात. कुंपण माणसाला अडविते, पाण्याला नाही.

भोवतालच्या वस्त्यांतील हातपंपांच्या पाण्यातही दूषित द्रव्ये सापडली. या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. तोवर दुर्घटनेला वीस वर्षे होत आली होती. वायुगळतीनंतर तेथे राहावयास आलेली कुटुंबेही दरम्यान हेच पाणी पीत होती. भाडेपट्ट्याने दिलेली ही जमीन १९९८ साली राज्य शासनाकडे परत आली, पण तिच्यातील विष तसेच होते.

ढीग हलला, जमीन राहिली

२००५ साली आवारात विखुरलेला काही कचरा गोळा करून एका गोदामात ठेवण्यात आला. तो ३३७ टन होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये कडक मुदत घालून दिल्यावर १ जानेवारी २०२५ च्या रात्री हा कचरा १२ बंद वाहनांतून सुमारे २५० किलोमीटरवरील पीथमपूरच्या भट्टीकडे रवाना झाला. तेथील रहिवाशांनी तीव्र विरोध केला. आपल्या गावी काय येत आहे, त्याची राख कोठे जाईल, हे त्यांना आधी विश्वासात घेऊन सांगितले गेले नाही, अशीही तक्रार होती. अखेर तीन टप्प्यांत ३० टन कचरा चाचणी म्हणून जाळण्यात आला आणि उरलेला ३०७ टन जून २०२५ च्या अखेरीस जाळून संपला. उरलेली राखही सुरक्षित जागी पुरावी लागते. या कामासाठी केंद्र सरकारने १२६ कोटी रुपये दिले.

आता दुसरा आकडा पाहावा. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था यांनी या जागेचा अभ्यास केला. २०१० च्या त्यांच्या अहवालानुसार दूषित माती सुमारे ११ लाख टन होती. म्हणजे एवढ्या खटाटोपाने हलविलेला कचरा त्या मातीच्या तीन हजारांत एक भागही नव्हता. दिसणारा ढीग उचलणे ही शुद्धीची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

कामाचा योग्य क्रम

पहिले काम लोकांच्या पाण्याचे. संशय येताच दूषित विहिरी व हातपंप बंद करून पर्यायी पाणी द्यावे. अंतिम अहवालाची वाट पाहू नये. दुसरे काम मोजणीचे : माती व भूजल यांचे नमुने निरनिराळ्या खोलीवरून घेऊन विष कोठवर पोहोचले याचा नकाशा करावा. तिसरे काम अटकावाचे, म्हणजे पावसाचे पाणी त्या मातीत शिरणार नाही अशी तजवीज करण्याचे. त्यानंतरच माती उचलावी की जागीच शुद्ध करावी, याचा निर्णय घ्यावा. काम संपल्यावरही भूजलाची तपासणी अनेक वर्षे चालू ठेवावी लागते.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम जारी केले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी करावयाची आहे. त्यानंतर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढील तीन महिन्यांत सविस्तर तपासणी व्हावयाची आहे. जमीन ज्याने दूषित केली त्याचा शोध घेऊन शुद्धीचा खर्च त्याच्याकडून वसूल करावा, हे या नियमांचे मुख्य तत्त्व आहे.

परंतु जिल्ह्याच्या यादीत जागेचे नाव येण्यासाठी ती कोणाच्या तरी ध्यानात यावी लागते. कोणत्या विहिरीच्या पाण्याला वास येतो, बंद कारखान्यामागे कोठे खड्डे बुजविले, कोणत्या पडीक जागेत गवतही उगवत नाही, हे गावातील वृद्धांना व जुन्या कामगारांना ठाऊक असते. ग्रामपंचायतीने ही माहिती ग्रामसभेत नोंदवून जिल्हाधिकारी कार्यालयास लेखी कळवावी. कारखाना बंद होताना जमिनीची तपासणी झाल्याखेरीज ती दुसऱ्या वापरास देऊ नये, असा आग्रह अधिकाऱ्यांनी धरावा. पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते शुद्ध असते असे नाही, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस समजावून द्यावे. भोपाळमध्ये जे उशिरा झाले, ते आपल्या गावी वेळेवर होणे बऱ्याच अंशी या तिघांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे.