दगडाचा रंग व त्याची पूड

मोरचुदाचा मोठा खडा गर्द निळा दिसतो. तोच खलात कुटला की पूड फिकट निळी होते. पदार्थ तोच, मग रंग का उतरला? या घरगुती प्रश्नात भूशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा दडलेला आहे. तो आम्ही येथे थोडक्यात मांडतो.

खनिजाच्या कणावर पडलेला काही प्रकाश पृष्ठावरूनच परततो, काही आत शिरतो. आत शिरलेल्यापैकी ठराविक लहरी खनिज शोषून घेते. उरलेला प्रकाश कणाकणांवर आदळत, विखुरत बाहेर येतो. या विखुरण्यास प्रकीर्णन म्हणतात. कण बारीक असले तर प्रकाश थोडाच आत जाऊन लवकर परततो. शोषण कमी होते व पूड उजळ दिसते. कण मोठे असले तर प्रकाशाचा खनिजातील प्रवास लांबतो व शोषण वाढते.

पहिल्या पावसाने आपल्याकडील काळी जमीन अधिकच काळी दिसते, त्याचे कारणही हेच. कणांमधील हवेची जागा पाणी घेते. माती व पाणी यांच्या वक्रीभवनांकांतील फरक माती व हवा यांच्यातल्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे प्रकाश मागे कमी वळतो, खोल जातो व तेथेच शोषला जातो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. बडोद्याच्या पूर्वेस अंबाडुंगर येथे कार्बोनेटाइट हा विरळ खडक आढळतो. १९६३ साली सुखेश्वाला व उदास यांनी त्याची नोंद केली. हे ठिकाण पूर्वी बडोदे जिल्ह्यात होते, २०१३ पासून ते छोटाउदेपूर जिल्ह्यात आहे. या खडकात कॅल्साइट विपुल असते. कॅल्साइटवरून परतलेल्या प्रकाशाचा आलेख काढला, तर सुमारे २.३ मायक्रॉन लहरलांबीपाशी त्यात खळगा पडतो. खळगा कोठे आहे, यावरून खनिज ओळखता येते. पण तो खोल म्हणून खनिज जास्त, असा हिशेब केला तर फसगत होते. शुद्ध कॅल्साइटची अगदी बारीक पूडही उथळ खळगा दाखवू शकते. म्हणून प्रमाण ठरविण्यापूर्वी कण केवढे व नमुना ओला की कोरडा, हे विचारलेच पाहिजे.

२००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वरील एका वर्णपटमापकाने चंद्राच्या मातीत हायड्रॉक्सिल व पाणी यांची खूण ३ मायक्रॉनच्या आसपास टिपली. २००९ साली ती जाहीर झाली. तेथेही खुणेवरून प्रमाण काढताना हाच विवेक राखावा लागतो.

मोरचूद विषारी आहे; मुलांनी प्रयोग खडीसाखरेवर करावा. पारदर्शक खडा कुटताच पांढराशुभ्र होईल. मग वाळूची एक मूठ कोरडी व एक ओली शेजारी ठेवून पाहावी. इतके केले की हा धडा पाठ करावा लागणार नाही.