खेळणे टाकू नका, जपून ठेवा

जानेवारीत सोलापुरास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. यात्रेहून परतणाऱ्या पोरांच्या हातांत फुगे, गाड्या, पिपाण्या पाहतो. पोरे खूश, आईबाप खूश.

पण कधीकधी खेळणेच घात करते. फुटक्या फुग्याचा तुकडा घशात चिकटतो. गाडीचे सुटलेले चाक श्वासनळीत अडकते. बटणासारखा चपटा सेल पोराने गिळला आणि तो अन्ननळीत अडकला, तर दोन तासांत आतून भाजते.

मग घरात काय होते? कुणी म्हणते, "नशिबात होतं." कुणी आईलाच बोल लावते. आणि ते खेळणे? रागाच्या भरात ते उकिरड्यावर जाते. मंडळी, तसे करू नका. खेळणे हाच पुरावा.

अमेरिकेत 2005 साली वीस महिन्यांचे एक मूल दगावले. शवविच्छेदनात त्याच्या पोटात बारीक लोहचुंबक सापडले. ते मोठ्या भावाच्या खेळण्यातून सुटले होते. पोटात ते एकमेकांस चिकटले आणि मधले आतडे चिमटले गेले. चौकशी झाली. मार्च 2006 मध्ये त्या खेळण्याचे सुमारे 38 लाख संच परत मागविण्यात आले. कारण सापडले, म्हणून पुढची पोरे वाचली.

आपल्याकडेही चौकशीची रीत आहे. असा मृत्यू झाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. जागेवर पंचांसमक्ष पंचनामा करतात. कारण नीट कळत नसेल, तर शवविच्छेदन होते. काळीज फाटते खरे, पण नको म्हणू नका. कारण त्यातूनच कळते.

तेव्हा हे ध्यानात ठेवा. आधी पोर. 108 ला फोन करा, दवाखाना गाठा. घशातले दिसत नसेल तर बोट घालून चाचपू नका. सेल गिळला असेल तर ओकारी काढवू नका. मग खेळणे, त्याचे तुकडे, खोका आणि पावती एका पिशवीत ठेवा. धुऊ नका, जोडू नका. आता तुम्हांला लिहिता येते. कागदावर लिहा: पोराचे वय किती, काय झाले, किती वाजता, खेळणे कुठून घेतले. हा कागद डॉक्टरांना व पोलिसांना दाखवा. 1915 या सरकारी ग्राहक क्रमांकावर तक्रार करा. धोक्याचा माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार सरकारला आहे.

घेतानाही पाहून घ्या. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आय. एस. आय. ची खूण सक्तीची आहे. नोंदणी केलेल्या कारागिरांना तेवढी सूट आहे. तीन वर्षांखालच्या पोराला सुटे, बारीक भाग असलेले खेळणे देऊच नका.

एका घरचे दुःख दुसऱ्या घरी जाऊ नये, यासाठी चौकशी असते.

प्रश्न
1. अपघात झाल्यावर खेळणे का टाकू नये?
2. कागदावर कोणत्या गोष्टी लिहाल?
3. घरातली खेळणी तपासा. कोणत्या खेळण्याचा भाग सुटतो? त्याचे नाव लिहा.