कृषी अर्थशास्त्राची अभ्याससभा : वर्षभराचे कार्य

शाखेत पीककर्जाचा अर्ज येतो, तेव्हा तो एका शेतकऱ्याचा असतो. परंतु कर्ज किती, कशासाठी आणि कोणत्या मुदतीचे असावे, यामागील विचार दीर्घ अभ्यासातून घडतो. असा अभ्यास जोपासणाऱ्या संस्थांमध्ये 'इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स' ही अग्रगण्य संस्था होय.

मुंबई येथे मुख्यालय असलेली ही संस्था १९३९ मध्ये स्थापन झाली. संस्थापक अध्यक्ष सर मणिलाल नानावटी हे त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते. साहजिकच, ग्रामीण पतपुरवठा हा संस्थेच्या चिंतनाचा विषय आरंभापासूनच राहिला. १९४६ पासून तिचे त्रैमासिकही प्रसिद्ध होत आहे.

वार्षिक परिषद हा संस्थेच्या कार्याचा कणा आहे. परिषदेचे विषय आधी जाहीर करून अभ्यासकांकडून निबंध मागविले जातात. प्रत्येक विषयासाठी नेमलेला प्रतिवेदक सर्व निबंधांचा सारांश काढतो, मतभेदाचे मुद्दे निश्चित करतो आणि त्यांवर चर्चा घडते. निबंध, अध्यक्षीय भाषण व चर्चेचा गोषवारा त्रैमासिकातून वाचकांपर्यंत पोहोचतो.

विद्वत्सभेला व्यवहारही सांभाळावा लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे कार्याचा अहवाल व तपासलेले हिशेब ठेवणे, हे अशा संस्थांचे नित्याचे काम असते. विद्वत्ता कितीही मोठी असली, तरी सभासदांच्या पैशाचा हिशेब चोख असावाच लागतो. बँक व्यवसायातील मंडळींना हे वेगळे सांगावयास नको.

या खटाटोपाचे फलित काय? एक उदाहरण पुरेसे आहे. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साठी अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून, सुमारे ३ टक्के सहकारी संस्थांकडून आणि जेमतेम १ टक्का व्यापारी बँकांकडून येत असल्याचे तीत दिसून आले. सावकारी पाशाची चर्चा पूर्वीही होत असे. आकड्यांनी तिला आधार दिला. पाहणी समितीच्या शिफारशीतून १९५५ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडिया आकारास आली. पुढे १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९८२ मध्ये नाबार्डची स्थापना झाली.

मात्र अभ्यासाचे मोल माहितीच्या खरेपणावर अवलंबून असते. खातेदाराने कर्ज वा उत्पन्न लपविले, कर्मचाऱ्याने रकाने अंदाजाने भरले, तर निष्कर्ष चुकतात आणि त्यांवर बेतलेले धोरणही चुकते. त्याचा भार अखेरीस गरजू शेतकऱ्यालाच सोसावा लागतो. म्हणून पाहणीसाठी आलेल्या अभ्यासकाला दिलेली खरी माहिती, हीदेखील देशाच्या अर्थकारणातील एक ठेवच आहे.