पोर्ट लुईसचा घाट

मुलांनो, मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक दूर, हिंदी महासागरात, मॉरिशस नावाचे एक बेट आहे. पोर्ट लुईस ही त्याची राजधानी. मागे डोंगरांची रांग आणि पुढे बंदर, असे हे आटोपशीर शहर आहे. त्यांतील एका डोंगराचे फ्रेंच नाव ‘अंगठा’ असे आहे. खालून शिखराकडे पाहिले, की ते नाव पटते.

शहराच्या मंडईत शिरावे, तो डाळ भरलेल्या मऊ पोळ्यांचा वास येतो. तेथे त्यांना दालपुरी म्हणतात. रस्त्यावर क्रेओल बोली, वर्तमानपत्रांत फ्रेंच, संसदेत इंग्रजी आणि चलनी नोटांवर तमिळ व देवनागरी अक्षरे! नव्या प्रवाशास याचा अचंबा वाटतो. त्याचा उलगडा बंदरालगतच्या आप्रवासी घाटावर होतो.

इंग्रजी राज्यातील गुलामगिरी संपुष्टात येत होती. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. म्हणून 1834 साली हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यास आरंभ झाला. पुढील सुमारे ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे येथे उतरली. काही कलकत्त्याहून, काही मद्रासेहून, तर काही मुंबईहून आली. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबेही होती. आजही तेथे गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते.

घाटावर पाहण्याजोगे फार नाही. काही दगडी पायऱ्या, काही भिंती, इतकेच. बराच भाग पुढे रस्त्याच्या बांधकामात गेला, ही खेदाची गोष्ट. तथापि, 2006 साली या स्थळास जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला, तो वास्तूच्या सौंदर्याकरिता नव्हे. जहाजातून उतरलेली माणसे याच पायऱ्या चढून येत. त्यांना एकदोन दिवस येथे ठेवीत. कारकून नाव, पित्याचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरील खुणा लिहून घेई आणि प्रत्येकास एक क्रमांक देई. मग मळ्याची वाट! कारकुनास आपल्या भाषा कोठून येणार? कानी पडले तसे त्याने लिहिले. त्यामुळे नावांची व गावांची रूपे पार बदलून गेली.

त्या नोंदवह्या मात्र टिकल्या. राजधानीपासून जवळच, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जपून ठेवल्या आहेत. मजुरांची नातवंडे-पतवंडे आज तेथे जातात, पूर्वजाचा क्रमांक शोधतात, आणि त्या वेड्यावाकड्या अक्षरांतून आपले मूळ गाव कोणते असावे, ते लावून पाहतात.