निळ्या गुहेचें द्वार

बालमित्रहो, ज्या दालनाचा दरवाजा समुद्र स्वतःच उघडतो आणि स्वतःच लावून घेतो, असें एखादें दालन तुम्हीं पाहिलें आहे काय? इटली देशाच्या किनाऱ्याजवळ काप्री नांवाच्या लहानशा बेटावर असें एक दालन आहे. तेथील लोक त्यास 'ग्रोत्ता अझ्झुर्रा', म्हणजे निळी गुहा, असें म्हणतात. आज आपण मनानें तेथें जाऊन ती पाहूं, आणि तिच्या सौंदर्याचें कारण काय तेंही समजून घेऊं.

नेपल्सच्या आखाताच्या दक्षिणेकडील तोंडाशीं हें बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ अवघें चार चौरस मैल. परंतु त्याचे कडे समुद्रांतून तटासारखे सरळ उभे राहिलेले आहेत. वायव्य बाजूस अशाच एका कड्याच्या पायथ्याशीं, पाण्यालगत, एक भोंक दिसतें. त्याची रुंदी सुमारें ६ फूट, आणि पाण्यावरील उंची जेमतेम ३ फूट. दुरून पाहणारास तें एखाद्या जनावराचें बीळच वाटावें. आंत जावयाचें तर अगदीं लहान होडींत बसावें लागतें. द्वाराजवळ येतांच नावाडी सर्वांस होडीच्या तळाशीं आडवें होण्यास सांगतो, वल्हीं आंत घेतो, आणि लाट उतरली रे उतरली कीं खडकास बांधलेली साखळी धरून एका हिसक्यासरशीं होडी आंत ओढतो. क्षणभर दगड नाकासमोरून सरकतो. आणि डोकें वर करून पाहावें तों आपण एका प्रशस्त जलमंदिरांत तरंगत असतों! सुमारें १७५ फूट लांब व १०० फूट रुंद असें तें शांत सरोवर. वर काळोखें छत, आणि खालीं सारें पाणी, जणूं आंतून दिवा लावल्याप्रमाणें, निळ्या तेजानें भरलेलें. त्या पाण्यांत हात घातला तर तो रुप्याचा दिसतो.

ही गुहा कोणीं खोदली? काप्रीचा खडक चुनखडीचा आहे. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन डाय-ऑक्साइड वायु शोषून किंचित् आंबट होतें, आणि खडकाच्या फटींतून झिरपतांना चुना विरघळवीत जातें. बाहेरून लाटांचे घाव अहोरात्र चालूच असतात. अशा रीतीनें हजारों वर्षें काम होऊन ही पोकळी तयार झाली, आणि समुद्र तींत शिरला. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरचा काळा कातळ व जांभा दगड चुनखडीसारखे सहज विरघळत नाहींत. तथापि भेगांवर लाटांचा मार बसून तेथेंही कपारी व गुहा पडतात. वेंगुर्ल्यासमोरील समुद्रांत जीं खडकाळ बेटें आहेत, त्यांवरील गुहेंत पाकोळ्या घरटीं बांधतात.

आतां निळ्या रंगाचें कोडें सोडवूं. ज्या लहान द्वारांतून आपण आंत आलों, त्यांतून फारच थोडा उजेड येतो. परंतु त्याच द्वाराच्या खालीं, पाण्याच्या पृष्ठभागाखालीं, दुसरें एक मोठें भगदाड आहे. बाहेरचा सूर्यप्रकाश त्या भगदाडांतून, पाण्यामधूनच, आंत येतो. सूर्यप्रकाशांत अनेक रंग मिसळलेले असतात हें तुम्हीं शाळेंत शिकलांच आहां. त्यांपैकीं तांबडा रंग पाणी लवकर गिळून टाकतें; निळा मात्र दूरवर जातो. म्हणून गुहेंत येऊन पोंचणारा प्रकाश जणूं पाण्याच्या चाळणींतून गाळून निळा झालेला असतो, आणि तो खालून वर येत असल्यामुळें पाणीच प्रकाशमान झाल्यासारखें भासतें.

आणि रुप्याचा हात? त्याची प्रचीति घरबसल्या घेतां येईल. वडील माणसांस जवळ बसवून एक चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरा, आणि त्यावर काजळीचा दाट थर बसूं द्या. तो निवल्यावर कांचेच्या पेल्यांतील पाण्यांत बुडवून बाजूनें पाहा. काळाकुट्ट चमचा चांदीसारखा चमकूं लागेल! काजळीला पाणी धरत नाहीं. तिच्यावर हवेचा पातळ पापुद्रा राहतो, आणि त्यावर तिरपा पडलेला प्रकाश आरशावरून फिरावा तसा परत फिरतो. गुहेंतील पाण्यांत वस्तूंस चिकटलेले हवेचे बारीक बुडबुडे हेंच काम करतात.

ह्या गुहेचा इतिहासही बोधप्रद आहे. प्राचीन रोमन लोकांस ती ठाऊक होती. सम्राट तिबेरियस इ. स. २७ च्या सुमारास काप्रीस येऊन राहिला होता. आणि १९६४ सालीं गुहेच्या तळांतून रोमन काळचे समुद्रदेवांचे पुतळे वर काढण्यांत आले. परंतु पुढें ह्या स्थळाविषयीं भय वाटूं लागलें. आंत भुतें व चेटकिणी वसतात, अशी कोळ्यांची समजूत होऊन लोक तिकडे फिरकेनासे झाले. अखेर ऑगस्ट १८२६ मध्यें आउगुस्त कोपिश हा जर्मन कवि व चित्रकार आणि त्याचा मित्र अर्न्स्ट फ्रीस हे आंजेलो फेर्रारो नांवाच्या तेथल्याच एका कोळ्याच्या सोबतीनें पोहत आंत शिरले. भुतें कोठेंच नव्हतीं. होता तो केवळ प्रकाश! कोपिशनें पुढें ही हकीकत लिहून प्रसिद्ध केली, आणि देशोदेशींचे प्रवासी तिकडे लोटूं लागले.

परंतु भय गेलें म्हणून सावधगिरी सोडावी असें नव्हे. समुद्र खवळला कीं आजही ही गुहा बंद ठेवितात, आणि त्या दिवशीं दुरून आलेल्या पाहुण्यांसही विन्मुख परतावें लागतें. त्या समुद्रांत भरती-ओहोटीचा फरक एखाद-दुसऱ्या फुटाचाच असतो, म्हणून तें तीन फुटांचें द्वार बहुधा उघडें राहतें. आपल्याकडे मुंबईस उधाणाच्या दिवशीं हाच फरक १२ फुटांहून अधिक असतो. तें द्वार आपल्या किनाऱ्यावर असतें तर दिवसांतून दोनदां पाण्याखालीं बुडालें असतें! म्हणून, मुलांनो, ओहोटीच्या वेळीं कातळांतील एखादी कपार कितीही मोह घालो, वडील माणसांवांचून व भरतीची वेळ विचारल्यावांचून तींत पाऊल टाकूं नका. आईबापांनींही हें मुलांच्या मनावर बिंबवावें. ओहोटी संपून पाणी वळलें कीं तें पाठीमागून येतें, आणि परतीची वाट आधीं बुडते.

भित्र्या माणसास गुहेंत भूत दिसतें. बेफिकीर माणसास तेथें मृत्यु गांठतो. जो वेळ ओळखून, माहितगारास बरोबर घेऊन आणि डोळे उघडे ठेवून जातो, त्यासच ती आपलें वैभव दाखविते. निळ्या रंगाचें कारण कळल्यानें तो रंग कांहीं फिका होत नाहीं. उलट, एक लहानसें भगदाड, थोडें पाणी आणि सूर्याचा नित्याचा प्रकाश एवढ्याच साहित्यावर ज्यानें असें मंदिर उभारिलें, त्या निर्माणकर्त्यापुढें आपलें मस्तक अधिकच नम्र होतें.