द्विपंखी विमानाची प्रतिकृती : तोल साधण्याचा एक पाठ

तरफेचा पाठ शिकवून झाला की विद्यार्थी अडकित्ता, तराजू आणि सी-सॉ ही तीन उदाहरणे देतात आणि पाठ तेथेच थांबतो. परीक्षेपुरते ते पुरेसे असते. परंतु वजन आणि अंतर ह्यांच्या गुणाकारावर एखादी वस्तू तरते अथवा पडते, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने अनुभवावे, असे ज्या शिक्षकास वाटत असेल त्याच्यासाठी हा लेख आहे. रेडिओलहरींनी जमिनीवरून चालविता येणारी विमानाची प्रतिकृती तयार संचावरून बांधणे, हा तो उपक्रम होय. तो खर्चिक आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. एकट्या शाळेने तो हाती घेऊ नये. केंद्रातील शाळांनी मिळून एक संच आणावा आणि सहावी-सातवीच्या निवडक मुलामुलींनी दर शनिवारी एकत्र जमून तो बांधावा, हे बरे. आमच्या भागात आम्ही असेच केले.

आम्ही ‘टायगर मॉथ’ ह्या विमानाचा संच निवडला. ब्रिटनमधील डी हॅविलँड कंपनीच्या ह्या विमानाने १९३१च्या ऑक्टोबरमध्ये पहिले उड्डाण केले. शिकाऊ वैमानिकाच्या हाती देण्यासाठीच ते घडविलेले होते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनप्रमाणे भारतातही अनेकांनी आकाशातील पहिले धडे त्याच्यावरच गिरविले. त्याला एकावर एक असे दोन पंख आहेत. जुन्या विमानांना दोन पंख का असत, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्या काळची इंजिने अशक्त होती आणि पंख लाकूड व कापड ह्यांचे असत. पुरेसे क्षेत्रफळ एकाच लांब पंखात साधावे तर तो वाकून मोडण्याचे भय. दोन आखूड पंख उभे खांब आणि तिरप्या ताणतारा ह्यांनी परस्परांस बांधले, म्हणजे पुलाच्या सांगाड्यासारखी हलकी व ताठ रचना तयार होते. ही कल्पना १८९६ साली आपल्या ग्लायडरसाठी वापरणारे ऑक्टेव्ह शनूट हे व्यवसायाने पूल व रेल्वे बांधणारे अभियंते होते, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी उडविलेले विमानही द्विपंखीच होते.

आमचा संच एकास आठ ह्या प्रमाणाचा होता. येथे गणिताचा एक सुंदर तास मिळतो. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ८·९४ मीटर. त्यास आठाने भागले की सुमारे ११२ सेंटिमीटर येतात. पंखांचे क्षेत्रफळ २२·२ चौरस मीटर. ते आठाने नव्हे, आठाच्या वर्गाने भागावयाचे, म्हणून सुमारे ०·३५ चौरस मीटर. वजन पूर्ण भारासह सुमारे ८२८ किलो. ते आठाच्या घनाने, म्हणजे ५१२ने भागले की १ किलो ६०० ग्रॅमच्या आसपास येते. लांबी आठपट घटली असता वजन पाचशे बारापट का घटते, हे ज्या मुलाला उमगले त्याला मुंगी आपल्या वजनाहून मोठा दाणा का उचलू शकते, हेही पुढे समजावून देता येईल. आमची प्रतिकृती प्रत्यक्षात १ किलो २४० ग्रॅम भरली. हलकी झाली हे चांगलेच झाले, कारण जितके वजन कमी तितक्या कमी वेगात विमान तरते आणि शिकणाऱ्यास विचार करावयास वेळ मिळतो.

बांधणीविषयी थोडक्यात लिहितो. संचातील बहुतेक भाग बाल्सा ह्या अत्यंत हलक्या लाकडाचे, आधीच कापलेले असतात. आराखडा सपाट फळीवर पसरून त्यावर पारदर्शक कागद घालावा आणि त्यावरच पंखाच्या फासळ्या टाचण्यांनी उभ्या कराव्यात. डिंक थेंबाथेंबाने वापरावा. झटपट वाळणाऱ्या डिंकाची वाफ डोळ्यांना झोंबते आणि तो बोटे एकमेकांस चिकटवितो. म्हणून ते काम शिक्षकाने स्वतः, खिडकीजवळ बसून करावे. सांगाडा पूर्ण झाल्यावर त्यावर उष्णतेने आक्रसणारे पातळ आवरण इस्त्रीने ताणून बसवितात. मुलांना हे काम सर्वांत आवडते. सुरकुत्या पडलेले आवरण इस्त्री फिरताच ढोलकीच्या पानासारखे ताठ होते, तेव्हा वर्गात जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो. दोन्ही पंख धडाशी आराखड्यात दिलेल्या कोनातच बसले आहेत, हे कोनमापकाने दोनदा तपासावे. डावा-उजवा फरक राहिला तर विमान सदैव एका अंगावर झुकेल.

विमान चार गोष्टींनी चालते. मोटारीचा वेग कमीअधिक करणे ही पहिली. शेपटीच्या आडव्या पट्टीमागील झडप, म्हणजे एलिव्हेटर, नाक वर-खाली करते. उभे सुकाणू नाक डावी-उजवीकडे वळविते. पंखाच्या टोकाकडील झडपा, म्हणजे एलेरॉन, विमान अंगावर झुकवितात. टायगर मॉथला त्या फक्त खालच्या पंखास असतात. प्रत्येक झडप ‘सर्व्हो’ नावाची एक छोटी मोटार ओढते, आणि हातातील प्रेषकयंत्राचा संदेश विमानातील ग्राहकयंत्र तिला पोहोचविते. उजवीकडे दांडी हलविली असता उजव्या पंखाची झडप वर गेली पाहिजे. ही दिशा उलटी राहून गेलेली विमाने पहिल्याच क्षणी कोसळतात. ही सारी तपासणी पंखा काढून ठेवूनच करावी. विजेवर फिरणारा पंखा बोट कापतो आणि तो केव्हा सुरू होईल ह्याचा नेम नसतो. आधी हातातील यंत्र सुरू करावे, मग विमानाची बॅटरी जोडावी. बंद करताना क्रम नेमका उलटा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

प्रत्येक विमानाच्या आराखड्यावर गुरुत्वमध्याची खूण असते. बॅटरी व पंख्यासह पूर्ण सज्ज विमान वरच्या पंखाखाली त्या खुणेवर दोन बोटांनी उचलले, की ते आडवे राहिले पाहिजे. नाक किंचित खाली झुकले तर चालते. शेपटी खाली गेली तर मुळीच चालत नाही. ह्याचे कारण कागदी बाणावर दाखविता येते, त्यास पैसा लागत नाही. बाणाच्या नाकाला यू-पिन लावून फेका. तो सरळ जातो. तीच पिन शेपटीला लावून फेका. तो उसळतो, उलटतो आणि पडतो. वजन पुढे असले म्हणजे मागची शेपटी वाऱ्यात सुकाणूसारखी काम करते आणि चुकलेली दिशा आपोआप सावरते. वजन मागे गेले की तीच चूक क्षणोक्षणी वाढत जाते.

हे सर्व मला ठाऊक होते. तरीही पहिल्या उड्डाणाच्या दिवशी मी जे केले ते येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. शाळेमागील माळावर पाहुणे जमले होते, ऊन चढत होते आणि कार्यक्रमास उशीर झाला होता. आदल्या शनिवारी शेपटीचा एक सांधा निखळल्यामुळे मुलांनी तो भरपूर डिंक व वर एक लाकडी पट्टी लावून दुरुस्त केला होता. मोजणीची वही सातवीतील एका मुलीकडे होती. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, खूण चौदा मिलिमीटर मागे येते.” मी म्हणालो, “असू दे, वर गेल्यावर सांभाळून घेऊ.” ती “होय सर” म्हणून बाजूला झाली.

विमान वीस-पंचवीस पावले धावून उचलले आणि नाक वर करीतच गेले. मी नाक खाली दाबले, ते नको तितके दबले. सावरले, तर पुन्हा उसळले. तिसऱ्या उसळीत वेग संपला, डावा पंख गळाला आणि विमान गिरकी घेत मुरमावर आदळले. सारे अर्ध्या मिनिटात आटोपले. पाहुण्यांनी टाळ्या वाजविल्या, कारण विमान उडाले तरी होते. मुलांनी मात्र वाजविल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी मी ती वही उघडली. त्या दिवसाची तारीख, वेळ आणि ‘१४ मिमी मागे’ एवढीच नोंद तिने केली होती. ती मी वर्गात मोठ्याने वाचून दाखविली, चूक माझी होती हे सांगितले, आणि त्याच आकड्यावर फळ्यावर हिशेब मांडला. १२४० ग्रॅम वजन १४ मिलिमीटर मागे, म्हणजे गुणाकार १७,३६०. बॅटरी १८० ग्रॅमची. ती पुढे सरकविण्यास ६० मिलिमीटर जागा होती, म्हणजे १०,८०० भागले. उरले ६,५६०. नाकातील आडवी फळी खुणेपासून २०५ मिलिमीटर पुढे होती. म्हणून तेथे ३२ ग्रॅम शिसे हवे होते. मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसले शिशाचे चार-पाच मणी, एवढीच त्या दिवसाची उणीव होती. शेपटी खुणेपासून ५६० मिलिमीटर मागे होती. म्हणून शेपटीवरील एका ग्रॅम डिंकासाठी नाकात जवळजवळ पावणेतीन ग्रॅम घालावे लागतात, हे एका मुलाने आपणहून शोधून काढले. द्विपंखी विमानांचे नाक आखूड असल्याने हा दंड मोठा पडतो.

खुद्द टायगर मॉथच्या कर्त्यांनाही हाच हिशेब करावा लागला होता. आधीच्या मॉथ विमानात पुढच्या आसनाभोवती वरच्या पंखाचे खांब असल्याने हवाई छत्री बांधलेल्या शिक्षकास संकटकाळी बाहेर पडणे अवघड जाई. म्हणून वरचा पंख पुढे सरकविला. परंतु तसे करताच उचलणारे बलही पुढे गेले, आणि वजन त्याच्या तुलनेने मागे राहिले. तेव्हा पंखांची टोके मागे कलती करून ते बल परत जागेवर आणावे लागले. आमच्या प्रतिकृतीचे पंख मागे झुकलेले का, हे मुलांनी बांधताना विचारले होते. उत्तर तेव्हा दिले असते तर बरे झाले असते.

दुरुस्तीस पाच शनिवार लागले. पुन्हा मोजणी केली. आकडे थोडे बदलले होते, रीत तीच. ह्या वेळी पाहुणे बोलाविले नाहीत. मैदान रिकामे व विमानतळापासून दूर असावे. २०२१च्या ड्रोन नियमांतील नोंदणी आणि प्रतिबंधित क्षेत्रे ह्यांविषयीची कलमे मुख्याध्यापकांनी आधी पाहून घ्यावीत. मोकळ्या क्षेत्रातही १२० मीटरांवर जाण्यास मनाई आहे, आणि शाळेच्या विमानास त्याच्या निम्मी उंचीही पुष्कळ होते. सकाळी वारा मंद असताना, वाऱ्याच्या समोर तोंड करूनच सोडावे. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते. अशा वेळी जो पंख खाली गेला असेल त्याच्या बाजूस दांडी न्यावी, म्हणजे घोटाळा होत नाही. खांब व तारा ह्यांमुळे द्विपंखी विमानास हवेचा अडथळा फार; मोटार एकदम बंद केली तर ते दगडासारखे खाली येते. म्हणून थोडा वेग ठेवूनच उतरवावे. पहिले उड्डाण पाच मिनिटांचेच असावे, घड्याळ मुलांकडे द्यावे.

त्या सकाळी सज्ज झालेले विमान मी प्रथम त्या मुलीच्या हाती दिले. तिने खुणेवर बोटे ठेवून ते उचलले, नाक किंचित झुकल्याचे पाहिले, वहीत लिहिले आणि मगच मला परत दिले. विमान संथपणे चढले, माळाला तीन फेऱ्या घातल्या आणि एक उडी घेऊन गवतात उतरले. मुले धावली. तिने मात्र बॅटरी काढण्याआधी पुन्हा तोल मोजला. उडाल्यावर तो बदलतो काय, असे तिला पाहावयाचे होते. विजेवरील विमानात बदलत नाही. मग इंधन जाळणाऱ्या खऱ्या विमानात काय होत असेल, आणि टायगर मॉथची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागीच का ठेवली असेल, हा प्रश्न मी पुढील शनिवारसाठी फळ्यावर लिहून ठेवला.