मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

लेकाकडे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या तिकिटावर, समजा, सुटण्याची वेळ रात्री १ आणि पोहोचण्याची त्याच तारखेला सकाळी साडेसात आहे. वरवर पाहता साडेसहा तास, प्रत्यक्षात सोळा. गोळ्यांच्या वेळा, पुढचं विमान, घ्यायला येणाऱ्याची सुट्टी असं बरंच काही या सोळा तासांवर ठरतं. म्हणून हा हिशेब घरच्या घरी करता यायला हवा.

आधी अंतर काढा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. ती रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक अशी जाते आणि त्या वाटेने चौदा हजार किमीहून जास्त अंतर भरतं. त्याऐवजी शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई-न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेला सरकेल : अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग नॉर्वे आणि आइसलँडमधला समुद्र, पुढे ग्रीनलँडचं दक्षिण टोक. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच. आता दोऱ्याची लांबी मोजा, विषुववृत्ताभोवतीही दोरा फिरवून मोजा आणि त्रैराशिक मांडा. विषुववृत्त ४०,०७५ किमी आहे. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर पहिला दोरा साधारण साडेएकोणतीस सेंमी भरतो, म्हणजे सुमारे १२,५०० किमी.

मग वेळ. लांब पल्ल्याची विमानं ताशी ९०० किमीच्या आसपास उडतात, म्हणून चौदा तास धरा. चढताना-उतरताना वेग कमी असतो, त्याचा अर्धा तास वाढवा. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जायला आणि उतरल्यावर गेटला लागायला आणखी अर्धा तास. झाले पंधरा.

आता वारा. विमानं ज्या उंचीवर उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून जातानाच्या हिशेबात तासभर वाढवा, येतानाच्या हिशेबातून थोडा कमी करा. शिवाय दोऱ्याची वाट प्रत्यक्षात मोकळी असेलच असं नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या कितीतरी विमानांना वळसा पडला. म्हणून तिकीट काढतानाच त्या कंपनीची सध्याची वेळ पाहा. जुन्या प्रवाशाने सांगितलेल्या तासांवर विसंबू नका.

शेवटी घड्याळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असतं, एरवी साडेदहा. जाताना हा फरक तिकिटावरच्या वेळेत मिळवायचा : साडेसहा अधिक साडेनऊ, सोळा. येताना वजा करायचा : सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई, म्हणजे चोवीस वजा साडेनऊ, साडेचौदा तास.

हातातलं घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा आणि गोळ्यांचा कागद त्याच वेळेने लिहा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना भेटून प्रवासाचे खरे तास सांगावेत आणि डोस त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावा.